इंग्रजीचा वर्ग कुणाच्या भरवशावर?

माझ्याकडे इंग्रजीच्या अभ्यासाची एक जाड फाईल आहे. तिच्यावर नाव माझे नाही. फारसी लिपीत लिहिलेले ते नाव काबूलच्या एका मुलीचे आहे. ती म्हैसूरला शिकायला आली तेव्हा तिला चार महिन्यांचा इंग्रजीचा वर्ग मिळाला होता, त्यातली ही पाने आहेत. परिच्छेद कसा बांधायचा, दुसऱ्या लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत कसे मांडायचे, त्याच्याशी असहमत असाल तर वाक्य कसे सुरू करायचे, चर्चासत्रात मध्येच प्रश्न कसा विचारायचा. मी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, आणि नंतर तिने मूळ फाईलच मला देऊन टाकली.

झेरॉक्स काढायची वेळ आली कारण त्या वर्गात मला बसता येत नव्हते. २०२२ साली पीएचडीसाठी म्हैसूरला आल्यावर मी विचारायला गेले होते. खिडकीतल्या बाई अगदी चांगल्या शब्दांत म्हणाल्या, ‘हा फॉरेन स्टुडंट्सचा कोर्स आहे. तुम्ही इंडियन ना? तुम्हाला इंग्रजी येतेच की.’

हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी वेगवेगळ्या रूपांत ऐकले असेल. माझे वडील उदगीरकडे गवंडीकाम करतात. शाळा जिल्हा परिषदेची, बीए मराठी माध्यमातून. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे कागदोपत्री मी पदवीपर्यंत पंधरा वर्षे इंग्रजी शिकले आहे. प्रत्यक्षात समाजशास्त्राचे पहिले अख्खे इंग्रजी पुस्तक मी एमएला असताना वाचले, तेही डिक्शनरी मांडीवर ठेवून, दिवसाला चार पाने. कागदावरची पंधरा वर्षे आणि मांडीवरची डिक्शनरी यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याची जबाबदारी कुणाची, हा या लेखाचा प्रश्न आहे.

दोन वर्ग, दोन नावे

आपल्यासाठी वर्ग नव्हताच असे नाही. यूजीसीच्या अकराव्या आणि बाराव्या योजनेत अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ‘रेमेडियल कोचिंग’ होते. मी बीएला असताना आमच्या कॉलेजात त्याची यादी नोटीस बोर्डावर लागली. नावापुढे प्रवर्ग लिहिलेला. शिष्यवृत्तीच्या यादीशेजारीच ती चिकटवली होती, म्हणजे कॅन्टीनकडे जाणाऱ्या प्रत्येकाला कळावे की ‘कच्चे’ कोण आहेत. पहिल्या तासाला आम्हाला नाम आणि सर्वनाम शिकवले. वर्ग एकूण चार झाले, हजेरीपटावर सह्या मात्र महिनाभराच्या घेतल्या. पाचव्या तासाला मी गेले नाही, आणि मला कुणी विचारलेही नाही. पुढे २०१७ मध्ये बारावी योजना संपली आणि पंचवार्षिक योजनांची पद्धतच संपली.

आता काबूलच्या मैत्रिणीचा वर्ग पाहा. त्याचे नाव होते ‘प्रिपरेटरी’, म्हणजे पूर्वतयारीचा. तिला तिथे पाठवताना कुणी ‘कच्ची’ म्हटले नाही. ती हुशार आहे, फक्त वेगळ्या भाषेतून आली आहे, तेव्हा तिला विद्यापीठाच्या भाषेची ओळख करून दिली पाहिजे, असे गृहीत धरले होते. माझ्याबाबतीत गृहीतक उलटे होते. मीही वेगळ्या भाषेतूनच आले होते, पण माझ्या अडचणीला भाषेचे अंतर न म्हणता कुवतीचा प्रश्न म्हटले गेले. ‘रेमेडियल’ हा शब्दच उपचाराचा आहे. उपचार रोग्यावर करतात.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला यात जातीची नेहमीची करामत दिसते. सवर्ण घरातल्या मुलाला जे जेवणाच्या ताटावर, आजोबांच्या कपाटातून, आत्याच्या पत्रांतून मिळते त्याला ‘गुणवत्ता’ म्हणायचे. आणि ते ज्याला मिळाले नाही त्याला वर्गात बसवून द्यायची वेळ आली की त्याला ‘सवलत’ म्हणायचे.

‘ऊ’ म्हणजे तो आणि ती

काही प्राध्यापक म्हणतात की परदेशी विद्यार्थ्यांच्या गरजा वेगळ्या, त्यांना आणि आपल्या मुलांना एकत्र शिकवता येणार नाही. मी आणि माझी मैत्रीण दोन वर्षे एका टेबलावर अभ्यास करत आलो आहोत, त्यामुळे यावर थोडे सांगू शकते.

ती ‘ही’ आणि ‘शी’ यांची गल्लत करायची. एकदा तिच्या निबंधात एक समाजशास्त्रज्ञ पहिल्या ओळीत पुरुष होता आणि तिसऱ्या ओळीत बाई झाला. कारण फारसीत तो आणि ती दोघांनाही एकच शब्द आहे, ‘ऊ’. मराठीत तीन लिंगे असल्याने ही चूक मी कधी केली नाही. पण ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचे हे तिलाही कळत नव्हते आणि मलाही, कारण मराठीत अशी उपपदे नाहीत आणि फारसीतही इंग्रजीसारखा ‘द’ नाही. येमेनच्या एका मित्राला ‘द’ बरोबर जमायचे, अरबीत ‘अल्’ आहे म्हणून. त्याची अडचण ‘अ’ची. तिघे एकत्र बसलो तर तिघांच्या चुका वेगळ्या आणि प्रत्येकाला दुसऱ्याची चूक दिसते. भाषेच्या वर्गाला याहून चांगले साहित्य कुठून आणणार? जिथे एकाच भाषेची मुले असतात तिथे सगळ्यांची चूक सारखी असते, म्हणून ती कुणालाच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. कागद, अर्ज, शहर, बाजार, जमीन, हुकूम, दस्तऐवज हे आपले शब्द ऐकून ती चकित व्हायची. तुम्हाला फारसी येते की काय, असे विचारायची. तेव्हा मी तिला सांगितले की आमच्या बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या शहरात आता मुलींना सहावीच्या पुढे शाळाच नाही. भाषा नाकारणे म्हणजे काय असते हे तिला समजावून सांगावे लागले नाही.

वर्ग बंद का पडतो

ज्या वर्गात मला बसता आले नाही, तो पुढच्याच वर्षी बंद झाला. परदेशी प्रवेश घटले, डॉलरमधली फी कमी झाली. शिकवणाऱ्या मॅडम कंत्राटी होत्या. त्या एका आयईएलटीएसच्या क्लासला लागल्या.

हे एका वर्गाचे दुर्दैव नाही. म्हैसूर परदेशी विद्यार्थ्यांचे जुने गाव आहे. १९१६ साली स्थापन झालेले इथले विद्यापीठ, बंगळूरपेक्षा कमी भाडे आणि शांत वस्ती यामुळे इराण, येमेन, इराक, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांची मुले इथे येत राहिली. जिल्ह्यातल्या बैलकुप्पेला तर १९६१ पासून तिबेटी वसाहत आहे. योग शिकायला गोकुळम भागात उतरणारे युरोप-अमेरिकेतले पाहुणे वेगळे. त्यांना घर लगेच मिळते, आफ्रिकी मुलाला मात्र घरमालक दहा प्रश्न विचारतो. परदेशी पाहुण्यांतही उतरंड आहेच.

ज्यांना इंग्रजीच्या वर्गाची खरी गरज असते ते बहुतेक अशा देशांतून येतात जिथे कधी काय होईल सांगता येत नाही. येमेनमधले युद्ध दहा वर्षांहून जुने आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले आणि माझ्या मैत्रिणीच्या घरून येणारे पैसे एका आठवड्यात थांबले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटले. दर वेळी इथल्या कुठल्यातरी वर्गातले बाक रिकामे झाले. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘स्टडी इन इंडिया’ सुरू केले तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांची संख्या २०२३ पर्यंत दोन लाखांवर न्यायची होती. सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०१९-२० मध्ये ती ४९,३४८ होती आणि २०२१-२२ मध्ये ४६,८७८. मधल्या काळात कोविड होता हे खरे, पण उद्दिष्ट आणि वास्तव यांच्यातली दरी एकट्या कोविडची नाही. यूजीसीने २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागांची मुभा दिली. पण त्या जागेवर आलेल्या मुलीला विद्यापीठाची भाषा कोण आणि कुणाच्या पैशाने शिकवणार, हा प्रश्न उरतोच.

श्रीमंत देशांतही वेगळे नाही. सौदी अरेबियाने २००५ पासून हजारो मुलांना सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत पाठवले, आणि तिथल्या विद्यापीठांची इंग्रजी केंद्रे त्यांच्या फीवर फुगली. २०१६ च्या सुमारास त्या शिष्यवृत्तीला कात्री लागताच केंद्रे ओस पडू लागली. २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलरवरून १,६०० केली. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. आभाळाकडे बघून पेरणी करणाऱ्याची जी गत, तीच अशा केंद्रांची.

मग वर्ग टिकवायचा कसा? माझे उत्तर साधे आहे. जो विद्यार्थी दर वर्षी येणारच आहे, त्याच्यावर वर्ग उभा करा. कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठात दर जूनमध्ये मराठी, कन्नड, उर्दू माध्यमातून शिकलेली पहिल्या पिढीची मुले येतात. त्यांना व्हिसा लागत नाही आणि काबूलमध्ये काय झाले म्हणून ती यायची थांबत नाहीत. त्यांच्यासाठी वर्ग कायम चालला, तर परदेशी विद्यार्थी दोन आले काय आणि वीस आले काय, त्यांना शिकवणारे कुणीतरी जागेवर असेल. आज उलटे आहे. पाहुण्यांसाठी चूल पेटवायची आणि पाहुणे गेले की विझवायची. घरातली पोरे तशीच उपाशी.

म्हैसूरने हे आधी पाहिले आहे

‘इंग्रजीचा एवढा सोस कशाला, मातृभाषेत शिका’ असे आपल्याला सांगितले जाते. सांगणाऱ्यांची मुले कुठल्या शाळेत आहेत हे विचारायचे नसते. म्हैसूरला हा वाद चांगलाच ठाऊक आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये याच शहरात देवराज अर्स मंत्रिमंडळातले दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी कन्नड साहित्यातला बराचसा भाग ‘बूसा’, म्हणजे जनावरांपुढे टाकायचा भुसा आहे, असे म्हटले. राज्यभर दंगल उसळली, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावे लागले. त्या संतापातून पुढे दलित संघर्ष समिती उभी राहिली. महाराष्ट्रात पँथरची स्थापना आदल्याच वर्षी झाली होती. भाषेवर प्रेम करण्याचा हक्क कुणाचा आणि तिच्यावर बोट ठेवण्याचा हक्क कुणाचा, हे दोन्हीकडे एकाच सुमारास विचारले गेले.

आणि याच म्हैसूरमध्ये देवनूर महादेव यांनी आयुष्यभर कन्नडमध्येच लिहिले. ‘कुसुमबाले’ने कन्नड गद्याचे वळण बदलले. म्हणजे इंग्रजी मागणे आणि आपली भाषा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त मराठी कवितेतूनच इंग्रजी शिकायला सांगितले होते. मी हा लेख मराठीत लिहिते आहे आणि प्रबंध इंग्रजीत. मला दोन्ही हवे आहेत.

बाबासाहेबांचे इंग्रजी आपण अभिमानाने सांगतो, पण ते कुठून आले हे कमी सांगतो. रामजी सुभेदार त्यांना घरी बसवून शिकवत, भाषांतराचे धडे करून घेत. पुस्तकासाठी पैसे नसले की मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणत आणि गहाण ठेवत. त्या इंग्रजीमागे बापाची रात्र होती आणि बहिणींचे दागिने होते. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरलेला तो तरुण आजच्या भाषेत ‘इंटरनॅशनल स्टुडंट’ होता. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्याने ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. मी आणि माझी मैत्रीण तो निबंध फाईलमधल्या नमुन्यांप्रमाणे परिच्छेद-परिच्छेद उलगडून वाचला. आधीच्या विद्वानांचे म्हणणे तो आधी नीट मांडतो, मग कुठे पटत नाही ते सांगतो, मग स्वतःचे म्हणतो. आमचा चार महिन्यांचा अख्खा कोर्स त्या एका निबंधात होता.

काय मागायचे

भाषा शिकणे हे काम आहे, हे सरकारला माहीत नाही असे नाही. १९६९ मध्ये म्हैसूरलाच भारतीय भाषा संस्थान सुरू झाले. त्याच्या प्रादेशिक केंद्रांत, पुण्याच्या केंद्रासह, शाळेतले शिक्षक दहा महिने राहून दुसरी भारतीय भाषा शिकतात आणि तेवढा काळ त्यांचा पगार चालू असतो. त्यांना कुणी ‘रेमेडियल’ म्हणत नाही. हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात ‘आयटेक’ योजनेखाली इतर देशांतले शिक्षक आणि अधिकारी भारत सरकारच्या खर्चाने इंग्रजी शिकून जातात. म्हैसूरच्या इन्फोसिसच्या आवारातही नव्या पोरांना कामाला लावण्याआधी महिनोन्‌महिने शिकवले जाते. शिक्षक, परदेशी अधिकारी आणि कंपनीचा नोकर या तिघांसाठी जे शहाणपण आहे, ते पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यासाठी खैरात कसे होते?

म्हणून माझ्या मागण्या. पहिल्या सत्रात सर्वांसाठी खुला, श्रेयांक असलेला पूर्वतयारीचा वर्ग हवा, ज्यात परदेशी आणि मातृभाषेतून आलेले विद्यार्थी एकत्र बसतील. प्रवर्गाची यादी बोर्डावर लागणार नाही. वर्गात नोंदी मराठीत, कन्नडमध्ये, फारसीत काढायला मोकळीक असेल. शिक्षक कायम असेल. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतला ठरावीक वाटा या वर्गासाठी बाजूला राहील. आणि मुख्य पैसा आपल्या हक्काचा असेल: कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेचा २०१३ चा कायदा आहे, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवणे त्याने बंधनकारक आहे. तो निधी दुसरीकडे वळवला जातो यावर दर वर्षी भांडण होते. त्या भांडणात आपण रस्ते आणि घरांबरोबर भाषेचा वर्गही मागायला हवा. महाराष्ट्रात तर असा कायदा व्हावा ही मागणी जुनीच आहे.

तोवर वाचकांना एक काम सांगते. तुमच्या विद्यापीठात माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचारा. गेल्या पाच वर्षांत इंग्रजीच्या पूर्वतयारीचे किती तास झाले, ते कुणी शिकवले, त्यावर किती खर्च झाला. उत्तर आले की विद्यार्थी संघटनांच्या बैठकीत वाचा. शुल्क आणि वसतिगृहाइतकाच हा मुद्दा आपला आहे.

माझ्या मैत्रिणीला आता पुढच्या संशोधनासाठी दुसऱ्या देशात जागा शोधायची आहे. आयईएलटीएसची फी सतरा हजारांच्या पुढे आहे आणि निकाल दोनच वर्षे चालतो. तिच्या पासपोर्टचे काय होणार हेही तिला ठाऊक नाही; नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीतला त्या वेळचा अफगाण दूतावास बंद झाला. तरी संध्याकाळी कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी आम्ही बसतो, ती मोठ्याने वाचते, मी ‘ही’ आणि ‘शी’ दुरुस्त करते, ती माझे ‘द’ दुरुस्त करते. हल्ली कलबुर्गीकडची एक मुलगीही येऊन बसते. मागच्या महिन्यात तिने फाईल झेरॉक्सला नेली. ती पाने फिकट होत चालली आहेत, काही ओळी आता वाचताही येत नाहीत. तिला मी त्या तोंडी सांगितल्या आणि तिने त्या कन्नडमध्ये लिहून घेतल्या.

जय भीम.